वीसचा आकडा

सहाव्या खाटेवरचा माणूस प्लास्टिकचा निघाला, तेव्हा त्याच्या रकान्यात वीस लिहून सरिता खोब्रागडेला चार मिनिटं होऊन गेली होती. प्रताप नगरातल्या एका दुमजली घराचा हॉल, त्यात सहा खाटा, आणि प्रत्येक खाटेवर गळ्यापर्यंत पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केलेलं कुणीतरी. पाच जण खरे होते, गल्लीतून सकाळपुरते बोलावून आणलेले. ताप आणि नाडी खाटेला बांधलेल्या चिठ्ठीवर आधीच लिहिली होती. मलावीत कामाला जाण्यासाठी शिकणाऱ्या सहा जणांनी फक्त श्वास मोजायचे, सहा खाटांना दहा मिनिटं. सरिताने चार मिनिटांत कागद भरून दिला होता, सगळ्यांच्या आधी, आणि खुर्चीवर बसून पाण्याची बाटली उघडली होती. नर्स म्हणून बावीस वर्षांची नोकरी, हातालाच सगळं पाठ. मग शिकवणाऱ्या डॉक्टर नंदिनी उठल्या, सहाव्या खाटेवरचं पांघरूण त्यांनी दोन बोटांनी उचललं, आणि लोकरीच्या टोपीखाली छाती दाबायला शिकवण्यासाठी असतो तो अर्धा पुतळा दिसला. कमरेखाली त्याला काही नव्हतंच, तिथे दोन उशा होत्या.

हॉल हसला. उमरेडचा अभिजीत नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याने अठरा लिहिले होते. तो म्हणाला, "मॅडम, माझा पेशंट सरितामॅडमच्या पेशंटपेक्षा बरा आहे. दोन श्वास कमी घेऊन राहिला." पुन्हा हसू. सरिताही हसली, हसायला लागतंच अशा वेळी. पण हसता हसता हातातल्या बाटलीचं झाकण तिला नीट लावता येईना, आटे एकमेकांवर चढत राहिले. डॉक्टर नंदिनी हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. बारीक बांधा, आखूड कापलेले पांढरे केस, अकरा वर्षं त्यांनी अशा देशांत काढली होती जिथे दवाखाना म्हणजे चार भिंती आणि एक टेबल. त्यांनी सहाही कागद हातात धरले. "दर वर्षी होतं हे. सहापैकी चार जण तरी मेलेल्याला श्वास देतात. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, तुम्हाला सवय आहे म्हणून. इथे तुमच्या चुकीवर लक्ष ठेवायला मॉनिटर आहे, वरचा डॉक्टर आहे, कोणीतरी आहे. मलावीत ज्या वॉर्डात तुम्ही जाणार तिथे साठ मुलं आणि तुम्ही. तुम्ही लिहाल तेच खरं होणार." मग त्या म्हणाल्या की शुक्रवारी परीक्षा, प्रत्येकाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, आणि जो चुकेल त्याचं नाव मलावीच्या यादीतून जाईल. गुरुवारी सुट्टी.

गाडीवरून नंदनवनला घरी परत येताना सरिताला सिग्नल दिसत होते, पण लाल का हिरवा ते मागचा हॉर्न वाजला की कळत होतं. डोळ्यांपुढे कागदावरचा आकडा होता. तिचा वीस फार देखणा. दोनाची मान बदकासारखी वळलेली, शून्य वरून नीट मिटलेलं. तिचा तक्ता वाचायला कोणाला त्रास होत नसे, मोठे डॉक्टरही म्हणत, सिस्टर खोब्रागडेंचं अक्षर म्हणजे छापील. ते अक्षर वडिलांनी घोटून घेतलं होतं. वडील गिरणीत होते, रात्रशाळेत वयाच्या एकविसाव्या वर्षी लिहायला शिकले. आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर गेले तेव्हा त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि वडिलांना ते आयुष्यभर डाचलं. पाटीवर तिचा हात धरून ते म्हणत, "आपल्याबद्दल सगळं दुसऱ्यायनं लिहिलं, बाई. आता आपण लिहू ते खरंच लिहायचं." नोकरीच्या पहिल्या वर्षी, चाळीस खाटांच्या वॉर्डात, ती एका म्हाताऱ्याच्या छातीवर नजर लावून उभी होती तर मागून मोठ्या सिस्टरने तिच्या हातातला पेन हळूच काढून घेतला होता. "वीस लिही. वीसाले कोणी काही विचारत नाई. अठ्ठावीस लिहिलं का डॉक्टर बोलवा, डॉक्टर आला का ऑक्सिजन लाव म्हणते, ऑक्सिजन लावाले सिलिंडर कुठाय? आन् तोवर बाकीच्या एकोणचाळीस खाटा तुह्या मामानं पाहाव्या का?" सिस्टर वाईट नव्हती. जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातली अर्धी भाकर नव्या पोरींना द्यायची. त्या दिवशी सरिताने वीस लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्याबद्दल खरंच कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर पाहिलंही नाही. वडील वारले तेव्हा त्यांच्या तक्त्यावर दुसऱ्या कुठल्यातरी मुलीच्या अक्षरात शेवटचा आकडा वीसच होता. तो पाहून तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं, आणि आज गाडी चालवताना याचीच जास्त भीती वाटली.

घराच्या वळणावर भाजीचा ठेला उभा होता आणि ठेल्यापाशी पुष्पलताबाई. सरिताने ब्रेक दाबला तो सवयीने, आणि मग वाटलं, सरळ निघून गेले असते तर बरं. पुष्पलताबाई निमजे दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहतात. जुन्या विणकर घराण्यातल्या. चाळीस वर्षं घरच्या मागावर नवऱ्याबरोबर ताणा, म्हणजे उभे धागे, लावला, पुढे माग विकला गेला आणि नवरा बाबनराव बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून जायला लागला. सात वर्षांपूर्वी तो सरिताच्याच वॉर्डात वारला. तेव्हापासून ही बाई रस्त्यात भेटली की सरिताचा हात दोन्ही हातांत धरते, संक्रांतीला तिळाचे लाडू आणून देते आणि सोबत जो कोणी असेल त्याला सांगते, "ह्या सिस्टर होत्या म्हणून आमचे हे सुखानं गेले." आजही तिने हात धरला. म्हणाली, "मलावी का काय तिकडं जाऊन राहिल्या म्हणे तुम्ही? चांगलं काम आहे, जा. तुमच्या हाताले गुण आहे." मग ठेलेवाल्याने लिंबं पुढे केली तशी ती बाजूला सरली आणि नातीला म्हणाली, "मयुरी, मोजून घे वं बाई. दहा आहेत का पाह्य." मयुरीने मोजली. सरिताने हे शंभरदा पाहिलं होतं. केळी असोत, कोथिंबिरीच्या जुड्या असोत, दुधाच्या पिशव्या असोत, पुष्पलताबाई स्वतः कधी मोजत नाहीत. नजर अधू झाली असेल, मोतीबिंदू असेल, म्हातारपण, असं काहीतरी सरिताने ठरवून टाकलं होतं. तेही न मोजताच.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला पुतळ्याची गोष्ट सांगितली, विनोद म्हणून. सुशील वीज कंपनीत मीटरचे आकडे घेतो. तो मनापासून हसला. "तेवढंच ना? अवं, घराले कुलूप असलं का आमीबी सरासरी टाकतो. मागच्या तीन महिन्यायची काढली का लिहून मोकळे. पुढच्या महिन्यात घर उघडते, आकडा आपोआप दुरुस्त होते." सरिता म्हणाली, "आन् घर उघडलंच नाई तं?" तो घास घेता घेता थांबला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, बायकोचा आवाज कुठे वळतो ते त्याला कळत होतं. मग तिने बाबनरावांचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. सुशीलने ताट बाजूला सारलं. "सात वर्षं झाली त्या गोष्टीले. बाई सुखात आहे, तुले देवासारखी मानते. आता काहून खरडून राहिली? तू सांगशील, तुहं मन हलकं होईन, आन् ते म्हातारी राहील जड मन घेऊन. तू तं विमानात बसशीन." हे अगदी खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ती रागावली आणि ताट उचलून आत गेली. पण भांडी घासताना तिने स्वतःला विचारलंच की बाई, तुला हे तिच्यासाठी सांगायचं आहे की यादीत नाव राहावं म्हणून? धुतल्या मनाने परीक्षा द्यायची आहे का तुला? आठवला तो सात वर्षांपूर्वीचा मे महिना.

मे महिन्याची दुपार, खिडकीतला कूलर, ओल्या वाळ्याचा वास आणि त्याखाली फिनाईलचा. बाबनराव बारा नंबरला. न्यूमोनिया, तिसरा दिवस. माणूस शांत, बोलणं कमी, झोपेतही डाव्या हाताची बोटं जुळवायचा जणू तुटलेला धागा शोधतो आहे. उशाशी बायको. नातेवाइकांना बसू देऊ नका असा नियम होता, पण ती एका जागी इतकी गप्प बसायची की तिला उठवायला कोणाला सुचायचं नाही. फक्त तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे, खाली वर, खाली वर. सरिताला वाटायचं, जप करते. चार वाजता सरिता एका नव्या पेशंटला सुई लावत होती, शीर सापडत नव्हती, त्याचा भाऊ डोक्यावर उभा राहून ओरडत होता, आणि ही बाई मागे येऊन उभी राहिली. "सिस्टर, ह्यांचा दम वाढून राहिला. सकाळी सव्वीस होते. आता चौतीस झाले." सरिताने मान न वळवता विचारलं, "काय चौतीस?" "श्वास. मी मोजले ना. त्या समोरच्या घड्याळाचा लाल काटा पुरा फिरेपर्यंत." त्या क्षणी सरिता उठली असती आणि बारा नंबरच्या छातीकडे तिने एक मिनिट पाहिलं असतं, तर? एकच मिनिट. पण शीर नुकती सापडली होती, आणि बाईचा आवाज इतका शांत होता की तो खरा वाटला नाही. घाबरलेली माणसं ओरडतात असा अनुभव होता. तिने हात पुसले, बारा नंबरचा तक्ता काढला आणि बाईच्या पुढे धरला. "हे पाहा मावशी. सकाळी वीस, दुपारी वीस. लिहिलेलं आहे. तुम्ही घाबरल्या म्हणून तुम्हाले जास्त वाटून राहिलं." पुष्पलताबाईंनी कागदाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव का?" आणि परत जाऊन बसल्या, आणि दोन्ही हात त्यांनी मांडीत ठेवले, पालथे. अंगठा फिरायचा थांबला. हे सरिताने तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं की बाई शांत झाली.

सहा वाजता राउंडचा डॉक्टर आला, नवा पोरगा, तक्त्यावर बोट फिरवून म्हणाला, "ठीक आहे, चालू ठेवा," आणि तेराकडे वळला. सातला बाबनराव गेले. वेळेवर ऑक्सिजन लावला असता, अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर जगले असते का, हे सरिताला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. कदाचित नसतेही जगले. या कदाचितवर ती सात वर्षं उशी ठेवून झोपली होती. फाईल बंद झाली तेव्हा तक्ता इतका स्वच्छ होता की विचारायला काही जागाच नव्हती. बाई रडली, आणि मग सरिताचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही चांगलं पाहिलं." सरिताने तो हात सोडवून घेतला नाही.

गुरुवारी सकाळी अकराला ती पुष्पलताबाईंच्या दारात उभी राहिली. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते जिन्यापाशीच सुटलं. मुलगा वैभव कामावर, सून शाळेत शिकवायला, मयुरी कॉलेजात. बाई व्हरांड्यात सतरंजीवर लसूण सोलत बसल्या होत्या. "या, या. चहा टाकते." सरिता म्हणाली, "नको. बसा तुम्ही. मले सांगायचं आहे काही." आणि ती खाली बसली, सुपाच्या पलीकडे, आणि सांगून टाकलं. गोल गोल न फिरवता सांगितलं, कारण फिरवलं असतं तर मध्येच उठून गेली असती. की त्या दिवशी मी तुम्हाला दाखवलेला वीस मी मोजलेला नव्हता. सकाळचाही नव्हता, दुपारचाही नव्हता. मी कोणाचाच मोजत नव्हते. आम्ही लिहून टाकतो.

पुष्पलताबाईंच्या बोटांत एक पाकळी अर्धी सोललेली होती. तिचं साल त्यांनी पूर्ण काढलं, पाकळी वाटीत टाकली. "म्हणजे?" त्यांनी विचारलं. "तुम्ही चौतीस म्हणल्या होत्या," सरिता म्हणाली. "त्या वॉर्डात मोजलं असन तं फक्त तुम्ही. मी नाई मोजलं." मग बाई बोलल्या ते हळूच, पण तुम्ही सोडून तूवर आल्या. "मी लग्न होऊन आली तेव्हा पंधराची होती. सासऱ्यानं पहिल्या दिवशी ताण्यावर बसवलं. हजार हजार धागे. एक कमी पडला तं पुऱ्या लुगड्याले रेघ पडते. चाळीस वर्षांत माह्या हातच्या लुगड्याले रेघ नाई पडली, तुले माहीत आहे? आन् तू मले कागद दाखवला. मी म्हणली, कागदावर लिहिलं आहे, शिकलेल्या बाईनं लिहिलं आहे, मंग माहंच चुकलं. मी गप बसली. सहाले डॉक्टर आला, मी त्याले सांगणार होती. नाई सांगितलं. म्हणलं, पुष्पे, तुले मोजता येत नाई आता, कायले हसं करून घेते." त्यांनी आणखी एक पाकळी उचलली. "तवापासून मी काही मोजत नाई. पोळ्याबी नाई मोजत. मले भेव वाटते, मी मोजीन आन् चुकीन."

सरिताला वाटलं होतं बाई रडेल, शिव्या देईल, वैभवला फोन करेल, तक्रार करेल. या सगळ्यासाठी तिने मन घट्ट केलं होतं. यासाठी केलं नव्हतं. तिने या बाईचा माणूस नेला की नाही हे कधीच ठरणार नव्हतं, पण हिचं मोजणं तिने नक्की नेलं होतं, हिच्या डोळ्यांदेखत, छापील अक्षरात. तिला माफी मागायची होती. पण तो शब्द तोंडात आला तेव्हा इतका हलका वाटला की तिने तो गिळला. "माह्यावर रागवा," ती म्हणाली. "ते मी पाहून घेईन," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तू जा आता."

सरिता उठली. चप्पल पायात घालताना एक पाय दुसऱ्याच चपलेत गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. इकडं ये. बस." बाईंनी सूप बाजूला सारलं होतं. "हातात घड्याळ आहे ना? काटा वर आला का सांग. आन् बोलू नको." सरिताला कळेना. मग बाईंची नजर तिच्या छातीवर येऊन थांबली, खांद्याच्या जरा खाली, जिथे पदराची निरी श्वासाबरोबर हलते तिथे, आणि तिला कळलं. काटा बारावर आला. "हं," ती म्हणाली.

एक मिनिट इतकं लांब असतं हे बावीस वर्षांत तिला माहीत नव्हतं. कुणीतरी आपल्याकडे पाहतं आहे, नुसतं पाहतं आहे, घाई नाही, पुढची खाट नाही. बाईंचा अंगठा पहिल्यांदा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकला तेव्हा जागा चुकला, परत आला. मग वर सरकला. मग पुढच्या बोटावर. हळूहळू त्याला जुनी चाल सापडली, खाली वर, खाली वर, आणि बाईंचा चेहरा बदलत गेला, ओठ मिटले, डोळे बारीक झाले, जसे बारीक सुताचा ताणा लावताना होत असतील. सरिताही स्वतःचे श्वास आतून मोजत होती. श्वास आवरायचा नाही, खोटा करायचा नाही, एवढंच तिने स्वतःला बजावलं होतं. सव्वीस, सत्तावीस. रडू वर येत होतं, तेही श्वासातच धरलं जात होतं. काटा बारावर आला. "झालं," ती म्हणाली.

"एकतीस," पुष्पलताबाई म्हणाल्या. मग लगेच, लहान मुलीसारखं, "चुकली का मी?"

सरिताचे एकतीसच झाले होते. क्षणभर तिच्या मनात आलं की तीस म्हणावं. खोटं बोलावं, एक शेवटचं, दयेचं. कारण हिचं मोजणं बरोबर निघालं की पुढे काय येणार ते तिला दिसत होतं. "नाई," ती म्हणाली. "एकतीसच आहेत. मीबी मोजले."

पुष्पलताबाईंचं तोंड उजळलं. खरंच उजळलं, सरिताने ते पाहिलं, एखाद्या पोरीला गणित सुटावं तसं. त्यांनी आपला उजवा हात उलटा सुलटा करून पाहिला. आणि मग तो हात तसाच अर्ध्यात थांबला.

"म्हणजे तेव्हाबी चौतीसच होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर तोंडावर घेतला. सरिता बसून राहिली. आपण इथे असावं की नसावं हे तिला कळत नव्हतं, आणि बाईंनी जा म्हटलं नव्हतं. पदराखालून हुंदका येत होता आणि पाठ हलत होती, वर खाली, वर खाली. सरिताने नजर काढून घेतली नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि मोजायला लागली.